सप्रेम भेट मिळालेला कवितासंग्रह

(खराडी, पुणे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्यापैकी काही जण इथल्या आयटी पार्कात नोकरी करतात, काही शिकतात आणि काही गुपचूप कविता लिहितात. त्या सगळ्यांशी एका साध्या गोष्टीवर बोलायचं आहे.

नवा कवितासंग्रह बहुतेक वेळा हातातून हातात जातो. आतल्या पानावर 'सप्रेम भेट', खाली सही. आपण फोटो काढतो, 'अभिनंदन' लिहितो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. कवी मात्र वाचकाची वाट पाहत असतो.

मुस्लिम मराठी कवीची अडचण दुहेरी आहे. बाहेरचा म्हणतो, 'तुमचं मराठी किती छान!' घरचा विचारतो, 'मराठीत कशाला? आपली जबान तर उर्दू.' पुस्तक दोघंही उघडत नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठीतून सभा गाजवल्या. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी आपली की नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे. आपण एकमेकांचं वाचतो का, हे विचारायचं राहिलं आहे.

आणि वाचायचं कसं? १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. तेंडुलकर नावाजलेले नाटककार, तरी त्या कवितेतले कितीतरी शब्द त्यांना अडले. त्यांनी ते ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर ती वस्ती पाहिली. न कळलेलं विचारायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

अलीकडे एका कवयित्रीनं मला तिचा संग्रह भेट दिला. मी तो तीनदा वाचला. एकदा सलग. एकदा मोठ्यानं, कारण दख्खनी शब्द मराठी ओळीत कुठे चपखल बसतो आणि कुठे अडखळतो, ते कानाला कळतं. मग पेन्सिल घेऊन. तिला कळवलं: दंगलीवरच्या दोन कविता भाषणासारख्या झाल्यात, पण गोधडी शिवणाऱ्या अम्मीची छोटी कविता तेच दुःख आवाज न चढवता सांगते. दोन दिवस ती गप्प होती. मग फोन आला, 'भाई, प्रकाशनाला खूप लोक आले होते. पुस्तकाबद्दल बोललात ते तुम्हीच पहिले.' आणि तिनं एक नवी, अपुरी कविता वाचून दाखवली.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाचं आहे म्हणून डोक्यावर घेऊ नका आणि मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. भेट मिळालेल्या संग्रहातली आवडलेली एक कविता नावानिशी सांगा, न कळलेला एक शब्द विचारा, न पटलेली एक ओळ दाखवा. एवढं झालं, की ती भेट खऱ्या अर्थानं पोहोचली.