चौसष्ट अध्याय ऐकणाऱ्यांची नातवंडं



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं सुरुवातीला गावाचं कौतुक करायचं, मधे मराठीची चिंता वाहायची आणि शेवटी 'वाचाल तर वाचाल' म्हणत खाली बसायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. या गावाचं, उमरीचं, कौतुक मी करणार आहे, पण शेवटी, आणि त्याच्याबरोबर तुम्हाला कामही लावणार आहे. त्याआधी मला भांडायचं आहे. लेकरांच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं हे जे ठरवतात, त्या शिक्षकांशी, ग्रंथपालांशी, आईबापांशी आणि या व्यासपीठावरच्या माझ्या लेखक मित्रांशी माझं भांडण आहे. आरोप साधा आहे. आपण लेकरांना तुकडे वाचायला देतो. तेही देताना ती गोष्ट लेकराला धरून ठेवील का हे बघत नाही, लेकरू सुधारेल का एवढंच बघतो. मग आठवीतल्या पोराला दीडशे पानांची कादंबरी सलग वाचवत नाही, आणि दोष आपण पोराच्या माथी मारून मोकळे होतो.

हे पोरगं कुणाचं नातवंड आहे ते आधी आठवा. आपल्या मराठवाड्यात चातुर्मासात गावोगाव पोथी लागायची; काही गावांत अजून लागते. मारुतीच्या देवळात एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि दिवसभर खुरपून आलेली माणसं भिंतीला पाठ टेकून ऐकायची. श्रीधर कवींचा 'हरिविजय' ३६ अध्यायांचा, 'रामविजय' ४० अध्यायांचा आणि 'पांडवप्रताप' तब्बल ६४ अध्यायांचा. अंगठा उठवणारी बाई हा ६४ अध्यायांचा पसारा डोक्यात धरून बसायची. काल कथा कुठं थांबली, कोणाचा शाप कोणाला भोवला, हे तिला कुणी परत सांगावं लागत नसे. शाळेचं म्हणाल तर निजामाच्या राज्यात वरच्या शाळेची भाषा उर्दू. पुण्यात वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' मासिक १९०६ पासून मुलांच्या हाती पडत होतं, तेव्हा इकडे खासगी मराठी शाळा काढायची तर सरकारची मर्जी सांभाळावी लागे. त्यामुळे बालसाहित्याचं कपाट आपल्या घरांत एक पिढी उशिरा आलं, हे मान्य. पण लांबलचक कथा पेलायची ताकद मराठवाड्याच्या माणसात नव्हती असं कुणी म्हणू नये. ती होती. शाळा नव्हती तेव्हा होती, आणि शाळा गावोगाव पोचल्यावर ती ओसरली, ही गोष्ट आपल्याला झोंबली पाहिजे.

ती कशी ओसरली? भाषेचं पाठ्यपुस्तक उघडून बघा. मोठ्या पुस्तकातला एक उतारा, खाली शब्दार्थ, खाली 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'कोण कोणास म्हणाले'. गोष्ट रंगात येते न येते तोच स्वाध्याय येतो. पाठ्यपुस्तकाला मी नावं ठेवत नाही. वर्षभरात वीसेक लेखकांची ओळख करून द्यायची तर उतारेच द्यावे लागणार. गुन्हा पुढचा आहे. ज्या पुस्तकातून तो उतारा घेतला, ते अख्खं पुस्तक शाळेत लेकराला मिळत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलं, समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी दरवर्षी पैसे येतात, प्राथमिक शाळेला पाच हजारांपर्यंत आणि बारावीपर्यंतच्या शाळेला वीस हजारांपर्यंत. त्याचं पुढं काय होतं ते बऱ्याच शाळांच्या लोखंडी कपाटात दिसतं. चोवीस-चोवीस पानांच्या चोपड्या, मुखपृष्ठावर थोर पुरुष, आत ठळक टाइप, शेवटच्या पानावर बोध. पहिल्या पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक, आणि पुस्तकाचा कणा इतका ताठ की ते कधी पूर्ण उघडलंच नाही हे हातात घेताच कळावं. किल्ली मुख्याध्यापकांकडे. पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण, या एका प्रश्नानं महाराष्ट्रात जितकं वाचन मारलं तितकं मोबाइलनं मारलेलं नाही. मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून त्या कपाटाला कुलूप आहे.

दुसरा अर्धा आरोप संस्कारांचा. आपण पुस्तकाची शिफारस करतो ती औषधाच्या बाटलीसारखी, गुण काय येईल ते आधी सांगून. पोथी ऐकणाऱ्या माणसांनी कृष्णाला लोणी चोरतो म्हणून हाकललं नव्हतं. आणि आपल्या संस्कारवाद्यांचा जो आधारग्रंथ, १९३५ साली आलेली 'श्यामची आई', तो तरी काय सांगतो? त्यात श्याम पैसे चोरतो, आणि तेही पुस्तकं घेण्यासाठी; मोठा होण्यासाठी केलेली चोरी असं ते प्रकरण आहे. पोहायला भिऊन लपणारा, हट्ट करणारा, आईला छळणारा हा पोरगा आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिताना त्याला गुळगुळीत केलं नाही, म्हणून तो जिवंत राहिला. गुळगुळीत केला तो आपण, वक्तृत्व स्पर्धेत. माझी त्या पुस्तकाबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की नव्वद वर्षं उलटली तरी 'लेकराला काय वाचायला देऊ' या प्रश्नाला आपल्यापैकी निम्म्यांकडे हे एकच उत्तर आहे, आणि त्यातल्या कितीकांनी ते शेवटचं कधी वाचलं हे विचारायची सोय नाही. शिफारस करणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असावं, ही अट कुणाला जाचक वाटत असेल तर त्यानं शिफारस करू नये.

मग मी कशाची शिफारस करतो? पहिलं नाव भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं. फुरसुंगीचा काटकुळा बनेश, पुण्याच्या शाळेत येतो, सायकल दामटतो, नको तिथं नाक खुपसतो आणि संकटात सापडतो. त्याच्याकडून कुणी काही शिकावं अशी भागवतांची अपेक्षा दिसत नाही. पान उलटावं एवढीच दिसते. वीस पुस्तकांची ही मालिका म्हणजे सवय लावण्याचं उत्तम साधन आहे, कारण एक संपलं की दुसरं मागायला लेकरू स्वतः येतं. काही चिकित्सक म्हणतील, यात वाङ्मयीन खोली नाही. नसेल. खोल पाण्यात उतरण्याआधी पोहायला यावं लागतं.

आणि ज्याला पोहता येऊ लागलं, त्याला 'पाडस' द्या. हे पुस्तक मी मुद्दाम घोळवून सांगणार आहे. मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकी लेखिकेच्या 'द यर्लिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ कादंबरीला १९३९ चा पुलित्झर मिळाला. फ्लोरिडाच्या जंगलातलं एक एकटं शेतकरी घर. बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला तो एक हरणी मारून तिचं काळीज वापरतो, आणि पोरक्या झालेल्या पाडसाला बारा वर्षांचा ज्योडी घरी आणतो. पाडस मोठं होतं आणि शेतात शिरतं. पीक खातं. परत लावलेलं पीकही खातं. कुंपण उंच केलं तरी उडी मारतं. एका बाजूला घराच्या वर्षभराच्या पोटाचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला पोराचा जीव की प्राण. शेवटी काय करावं लागतं ते मी सांगत नाही. तुमच्यातल्या ज्यांनी वाचलं नाही त्यांना तेवढी शिक्षा हवी. आता मला सांगा, हे पुस्तक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलाला जास्त कळेल की उमरी तालुक्यातल्या? उगवलेल्या सोयाबीनवर हरणांचा कळप उतरला की काय होतं, रानडुकरांनी रात्रीतून मका आडवा केला की सकाळी घरात कसली शांतता असते, हे आपल्या लेकरांना माहीत आहे. राखणीला ती स्वतः जातात. त्या शांततेबद्दल बोलायला कुणीतरी पाहिजे असतं, आणि आपण त्यांच्या हातात 'प्राण्यांवर दया करा' हा निबंध ठेवतो. शेतकऱ्याच्या पोराला दया आणि पोट यांचं भांडण रोज दिसतं. त्या भांडणात घुसायला चोवीस पानं पुरत नाहीत. तिथं वर्षभराचा काळ जावा लागतो, पाडसानं आधी मनात घर करावं लागतं, मगच पिकाचं नुकसान काळजाला लागतं. कादंबरी लांब का असते, याचं याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

आता तुमचे आक्षेप. मला ठाऊक आहेत, कारण चहाच्या टपरीपासून संस्थाचालकाच्या केबिनपर्यंत तेच ऐकू येतात. पहिला: हा लातूर पॅटर्नचा मुलूख आहे, नांदेडला क्लासच्या गल्ल्या भरल्यात, पोरांना 'नीट'ची परीक्षा द्यायची आहे, कादंबऱ्या वाचायला वेळ कुठं? ठीक, परीक्षेचंच बोलू. पाचवीतल्या लेकराला नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवण्यासाठी आपण रात्रीचा दिवस करतो. त्या परीक्षेतल्या भाषेच्या विभागात व्याकरणाची घोकंपट्टी विचारत नाहीत. चार उतारे देतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. म्हणजे वाचून समजलं का, एवढंच तपासतात. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न. प्रश्नच हळू वाचणारा पोरगा उत्तर येत असूनही मागे पडतो. पाठांतराचे क्लास सगळ्यांनाच लावता येतात. वाचनाचा वेग दहावीनंतर फी भरून विकत मिळत नाही. पण एवढं बोलून मी थांबलो तर मीही औषधाची बाटलीच विकली असं होईल. वेळ कुठं, हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांनी दहा-बारा वर्षांच्या पोराचा प्रत्येक तास आधीच कुणाला विकला आहे, याचा हिशोब द्यावा. ते पोर हसलं कधी, भ्यालं कधी, दुसऱ्याच्या दुःखानं रडलं कधी, याला त्या वेळापत्रकात रकाना नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि शिक्षकांचा आहे: साहेब, पोरांना वाचताच येत नाही, कादंबरी कसली सांगता? 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ साली ५०.५ टक्के होती. करोनात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती ४२.८ टक्क्यांवर आली. तो मजकूर म्हणजे आठ-दहा वाक्यांची गोष्ट. तेव्हा शिक्षकाची अडचण मी उडवून लावत नाही. पण या अडचणीवर उपाय आपल्याच देवळात होता. वाचता न येणाऱ्यांना ६४ अध्याय कुणी पोचवले? मोठ्यानं वाचणाऱ्यानं. 'श्यामची आई'ची रचनाही तीच, रोज रात्री जमायचं आणि ऐकायचं, अशा ४२ रात्री. शेवटच्या तासाला शिक्षकानं रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचावं, ऐन रंगात आल्यावर थांबावं आणि पुस्तक टेबलावर उघडं सोडून जावं. दुसऱ्या दिवसापर्यंत धीर न निघणारी चार-पाच पोरं ते उचलतीलच. यावर स्वाध्याय देऊ नये, प्रकल्प देऊ नये, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचा फोटोही काढू नये.

किमतीचा आक्षेप मी फार वेळ ऐकून घेणार नाही. धर्माबाद ओलांडलं की बासर. अक्षराभ्यासासाठी आपण लेकराला गाडी करून सरस्वतीपुढं नेतो, पाटीवर पहिलं अक्षर गिरवतो, घरी येऊन गोड जेवण करतो. त्यानंतर दहावीपर्यंत त्या अक्षरांसाठी गाईडाशिवाय एकही पुस्तक घरात येत नसेल, तर अडचण पैशांची नाही. आणि मोठं पुस्तक पोरं वाचणार नाहीत, हेही मला सांगू नका. हॅरी पॉटरचा पाचवा भाग २००३ साली आला, ३८ प्रकरणांचा, 'हरिविजय'हून दोन जास्त, आणि जगभरच्या पोरांनी रांगा लावून नेला. ती मालिका मराठीत आहे; आपल्या किती वाचनालयांत आहे?

राहिला आक्षेप आपलेपणाचा: ही पुस्तकं पुण्याची, त्यांची भाषा पुण्याची, आमच्या लेकरांना परकी वाटते. घरात मराठी, बाजारात तेलुगू, टीव्हीवर हिंदी अशी तीन भाषांत वावरणारी तेलंगणाच्या सीमेवरची पोरं पुणेरी मराठीला बिचकतील, हे मला पटत नाही. पण आपली माणसं पुस्तकात हवीत, ही मागणी रास्त आहे, आणि ती आता अगदीच उपाशी नाही. ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा'मध्ये धरणात जाणाऱ्या गावातलं बालपण आहे; मुखेडच्या लेंडी प्रकल्पातल्या गावांना ते कुणी समजावून द्यायला नको. सलीम मुल्लांची 'जंगल खजिन्याचा शोध' ही कादंबरी आहे. जालन्यात जन्मलेल्या, उदगीरच्या २०२२ च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेल्या भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तो नांदेडच्या सुरेश सावंतांना मिळाला, कवितासंग्रहाला. आनंद आहेच. पण माझ्या लेखक मित्रांनो, बालकविता आपण भरपूर लिहिल्या, झाडं लावा, पाणी वाचवा, चिऊताई ये. कादंबरी लिहायला दम लागतो, आणि दम आपलाही गेलेला आहे.

उमरीचं कौतुक शेवटी करीन म्हणालो होतो. १९४८ च्या जानेवारीत, रझाकारांच्या दहशतीत, मुक्तिलढ्यासाठी पैसा उभा करायला याच गावातली बँक लुटली गेली. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आपण तिच्यावर भाषणं देतो. आगगाडीचं स्टेशन, हत्यारं, मिळालेला पैसा लढ्यापर्यंत सुखरूप पोचवण्याची जोखीम. साहसकथेला आणखी काय लागतं? तेरा वर्षांच्या एखाद्या पोरानं ते फटीतून पाहिलं असं धरा आणि लिहायला बसा. सत्काराला लागणारा वेळ त्यात घाला.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात नेहमीचे ठराव येतील, ते येऊ द्या. त्यांच्याआधी अध्यक्ष म्हणून मी एक मांडतो. या तालुक्यातल्या प्रत्येक अनुदानित वाचनालयानं आणि माध्यमिक शाळेनं यंदाच्या खरेदीत अख्ख्या, शंभर पानांवरच्या किमान दहा बालकादंबऱ्या घ्याव्यात, त्या उघड्या फळीवर ठेवाव्यात, आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाच्या पगारातून नव्हे तर या संमेलनाच्या शिल्लक निधीतून व्हावी. स्वागत समितीत कुणाचा विरोध असेल तर तो इथेच, माइकसमोर येऊन नोंदवावा.