मर्दनविद्येचा अभ्यासक्रम निवडताना
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



तालमीतील मालीश आपणांस नवी नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ज्या परंपरेतून आले, तीत अंगमर्दन हा मेहनतीचाच भाग. आता आपले काही तरुण खेळाडूंच्या दुखापतींवरील मर्दन हा व्यवसाय म्हणून शिकू इच्छितात. पालक मात्र शुल्क भरताना प्रमाणपत्राची चौकट तेवढी पाहतात!

हात कोठे लावावा हे कोणीही शिकवील. कोठे लावू नये हे शिकविणारा वर्ग शोधावा, असे माझे मत आहे. ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळल्यास आतील रक्तस्राव व सूज वाढते. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशास तत्काळ डॉक्टरांकडे धाडावे.

म्हणून प्रवेशापूर्वी विचारावे, शरीररचनेचे अध्यापन किती तास? शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष खेळाडूंवर काम किती? केवळ चित्रफितींवर चालणाऱ्या वर्गास मी तरी पैसा देणार नाही. शिवाय, काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राने कोणी फिजिओथेरपिस्ट होत नाही. त्यासाठी पदवी लागते, आणि तो व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आहे. तशी पाटी लावण्याचे आमिष दाखविणाऱ्या संस्थेच्या दारातूनच परतावे.