चाकांविना चालणारी पेठ



शाळेंत भूगोल शिकवीत असतांना व्हेनिस शहर मी नकाशावरील एका ठिपक्यानें दाखवीत असें. निवृत्तीनंतर तेथील कास्तेल्लो नांवाच्या जुन्या पेठेंत कांहीं आठवडे राहण्याचा योग आला, आणि त्या ठिपक्यांत नांदणारीं माणसें दिसलीं.

येथें मोटार नाहीं. सायकल चालविण्यासही मनाई आहे. त्यामुळें पहांटे कानीं येतो तो पावलांचा आवाज. दारोदारचा कचरा हातगाडीनें कालव्यापर्यंत येतो व तेथून नावेंत चढतो. दुकानांतील माल, आजारी माणूस आणि अखेरीस प्रेत, सर्वांची वाट पाण्यावरूनच. गॅरिबाल्डीच्या नांवाच्या रुंद रस्त्याच्या टोकाशीं भाजीची नाव लागते, आणि गृहिणी कांठावरूनच भाजी पारखून घेतात. हातगाडी ओढणारे हमाल "आत्तेंत्सिओने", म्हणजे "संभाळा हो", असें ओरडत पुलाच्या पायऱ्या चढतात. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून पेठेवार असतात आणि ते ६,००० च्या पुढें जातात. पत्ता शोधण्यापेक्षां शेजाऱ्यास विचारणें बरें.

चौकास तेथें 'काम्पो', म्हणजे शेत, म्हणतात. मध्यभागीं दगडी विहीर असते. तिच्यांत पूर्वीं वाळूंतून गाळलेलें पावसाचें पाणी सांठत असे. १८८४ सालीं नळ आले आणि विहिरींचें काम संपलें. परंतु मुलांचा चेंडू व वृद्धांच्या गप्पा तिच्याभोंवतींच राहिल्या.

आतां हा संसारच विरळ होत चालला आहे. १९५१ सालीं जुन्या शहरांत सुमारें १,७५,००० लोक राहत होते. २०२२ सालीं ते ५०,००० च्याही खालीं आले. १९६६ च्या महापुरानें तळमजले निकामी केले. पुढें घरांच्या किंमती वाढल्या, आणि कुटुंबास घर देण्यापेक्षां प्रवाशांस खोल्या देणें मालकांस किफायतशीर वाटूं लागलें. तरुण मंडळी खाडीपलीकडे मेस्त्रे येथें बिऱ्हाड करतात. २०२४ सालीं ठराविक दिवशीं येणाऱ्या दिवसभराच्या पाहुण्यांवर ५ युरो शुल्क बसविण्यांत आलें. तेणेंकरून गर्दीची मोजदाद होईल; पण रिकाम्या घरांत चूल कशी पेटणार?

समुद्राची भरती अडविण्यासाठीं लोखंडी दरवाजे उभारलेले असून २०२० पासून ते वापरांत आहेत. ओसरत्या वस्तीस असा दरवाजा नाहीं. म्हणून तेथें जाणाऱ्यांस माझी एवढीच विनंती: सकाळीं सातास अशा एखाद्या गल्लींत जा, भाजी त्या नावेवरच घ्या, आणि हमालाची हांक आली कीं भिंतीशीं सरून त्याला वाट द्या.