पोराला शिवू का?



मी नंदुरबारकडं समुपदेशक होते. शब्द मोठा, बाकी एक टेबल, दोन खुर्च्या, दारात रांग. गरोदर बाईच्या रक्तात एचआयव्ही निघाला की तिला सांगायचं, गोळ्या समजावायच्या. ही नोकरी.

एक बाई आली. धडगावच्या डोंगरातली, सातवा महिना, नवरा ऊसतोडीला गुजरातेत. मी पाठ केलेलं घडाघडा बोलले: गोळी रोज, बाळंतपण दवाखान्यातच, बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिन. दहा मिनिटांत फाईल बंद. तिची बोली पावरी, माझी मराठी. ती उठली, दारापाशी थांबली, म्हणाली, "बाई, पोराला शिवू का?"

शिवू का! आपल्या आज्यानं पाणवठ्यावर हाच सवाल गिळला. आणि मी, भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचणारी पोरगी, टेबलाच्या अलीकडं बसून नियम वाचत होते.

तिला परत बसवलं, हात हातात घेतला. तेवढंच. मग ती रडली, मग बोलली. सासूला कळलं तर घराबाहेर काढील म्हणून गोळ्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवणार होती. म्हणजे घेणारच नव्हती! औषध पोटात जायचं तर आधी भीती बाहेर यावी लागते.

आता हिशेब ऐका. उपचार नसला तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. वेळेवर उपचार झाला तर पाचापेक्षा कमी. २०१४ पासून आपल्याकडं प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभर औषध द्यायचं धोरण आहे, तेही फुकट. गोळ्या चालू असतील तर ती बाळाला अंगावर पाजू शकते. शिवल्यानं, मुका घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग लागत नाही. पण बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, शेवटचा निकाल दीड वर्षानं. तोवर आई तारखेवर तारीख पडलेल्या आरोपीसारखी जगते. तिच्याशेजारी कोण बसणार?

कायदा आहे. २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, निदान फोडायचं नाही, भेदभाव नाही. तरी एका वॉर्डात खाटेला लटकवलेली वेगळी पाटी मी या डोळ्यांनी पाहिली. गावकूस आता वॉर्डात शिरलंय.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी उभे राहिले. बाळंतपण ही चळवळीची बाब नाही असं कुणी म्हणालं तर त्याला ही आठवण द्या.

तुम्ही शहरातली पोरं विचाराल, आम्ही काय करायचं? आपल्या वस्तीतही अशी बाई असेल. ती आपणहून बोलली तर तिच्यासोबत दवाखान्यात जा, रांगेत उभे राहा. तिच्या हातचा चहा प्या. आणि तोंड बंद ठेवा.

त्या बाईच्या पोराचा निकाल निगेटिव्ह आला. तिनं पोरगं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. तिचं नाव? सांगणार नाही. इथंही नाही.

जय भीम.