पहाटेची टेकडी : साधना आणि ऋण



आपल्या परंपरेने दिवसाचा आरंभ सूर्योदयापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून मानला आहे. सूर्योदयापूर्वीच्या दोन मुहूर्तांपैकी पहिला तो ब्राह्ममुहूर्त. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. जूनमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा ४ वाजून २४ मिनिटांनी ही वेळ सुरू होते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येचा अध्याय निरोगी माणसाने याच वेळी उठावे, या उपदेशाने सुरू होतो. आयुष्याचे रक्षण हा त्यामागील हेतू. आज शहरातील घराघरांत मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात आणि दिवसाची सुरुवात धावपळीनेच होते. धावपळ आणि धावणे यांतील अंतर मात्र पहाटे टेकडीवर गेल्याशिवाय कळत नाही.

पुण्याची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. शहरातील हे सर्वांत उंच ठिकाण. माथ्यावर वेतोबाचे स्थान, जवळच जुन्या खाणीत साठलेले पाणी, पायांखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ. अंधार पुरता सरलेला नसताना धावणारा पायवाटेला लागतो. आधी ऐकू येतो तो केवळ स्वतःचा श्वास आणि पावलांखालची खडी. मग एखादा दयाळ शीळ घालतो, झुडपांतून तित्तिराची हाक येते, दूरवर मोराची केका उठते. थंडीच्या दिवसांत गार, जड हवा सखल भागात साचते आणि शहरावर धुराचा करडा थर पसरलेला दिसतो. ज्या हवेत आपण दिवसभर वावरतो, ती प्रथमच डोळ्यांना दिसते. कानांत इयरफोन घालून धावणारा मात्र या साऱ्याला मुकतो.

धावावे किती? याचे उत्तर आयुर्वेदाने ‘अर्धशक्ती’ या एका शब्दात दिले आहे. कपाळावर घाम यावा, तोंडाला कोरड पडू लागावी, श्वास तोंडाने घ्यावासा वाटावा, की थांबावे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, हा आजच्या प्रशिक्षकांचा नियमही त्याच जातीचा आहे. येथे कोणाला हरवायचे नसते. घड्याळाशी स्पर्धा लावणारा टेकडीवरही कार्यालयच घेऊन येतो.

मनाचेही तसेच आहे. पहिली दहा मिनिटे ते घरची बिले, मुलांच्या परीक्षा, काल कोणी काय बोलले, हेच उगाळत असते. त्याला दटावून ते गप्प होत नाही. पाऊल आणि श्वास यांची लय जुळली, की विचार आपोआप मागे पडतात. जे उरतात, ते बहुधा कामाचे असतात. रागाच्या भरात लिहिलेले पत्र पाठवू नये, आजारी स्नेह्याकडे आज जाऊन यावे, असे साधेसरळ निर्णय अशा वेळी होतात. प्रभात शाखेत जाणाऱ्या स्वयंसेवकाला हा अनुभव नवा नाही. ठरलेल्या वेळी, ऊनपाऊस न पाहता मैदानावर उभे राहणे, हा मनावरचाच संस्कार असतो. टेकडीवरील एकांत आणि मैदानावरील सांघिकता ही एकाच साधनेची दोन अंगे होत.

परंतु केवळ शांती घेऊन घरी परतणे पुरेसे आहे काय? अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्यापूर्वी भूमातेची क्षमा मागण्याची आपली रीत आहे. ज्या मातीवर पाऊल टाकायचे, तिचे आपण देणे लागतो, ही जाणीव त्या प्रार्थनेच्या मुळाशी आहे. मातृभूमी म्हणजे नकाशावरील रेषाच केवळ नव्हेत; पावसाचे पाणी मुरवून पायथ्याच्या विहिरी आणि कूपनलिका जिवंत ठेवणारी टेकडीही मातृभूमीच होय. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात रोज पहाटे टेकडीवर जाणारी माणसे पुढे असणे स्वाभाविक होते. शहराला रस्ते लागतात, हे कोण नाकारील? पण टेकडी फोडल्यावर ती पुन्हा बांधता येत नाही, एवढे तरी निर्णयापूर्वी ध्यानात घ्यावयास हवे.

ऋण फेडण्याचे मार्ग साधे आहेत. मळलेली पायवाट सोडून नव्या वाटा पाडू नयेत. त्यांनी माती वाहून जाते. परतताना दिसलेली प्लास्टिकची पिशवी खाली आणावी. उन्हाळ्यात एखाद्या रोपाला बाटलीभर पाणी घालावे. वाळल्या गवतात ठिणगी पडू देऊ नये आणि वणवा दिसताच वनखात्याला कळवावे. घरातील एका तरी मुलाला सोबत न्यावे. पाच पक्षी आवाजावरून ओळखणारे मूल टेकडीला परके राहत नाही.

प्रत्येक गावाला अशी एखादी टेकडी, एखादे तळे, एखादी देवराई असते. तिची पहाट अनुभवणाऱ्यांची संख्या वाढली, तर तिच्या रक्षणासाठी वेगळी हाक देण्याची वेळ येणार नाही. उद्याचा सूर्योदय किती वाजता आहे, हे आज रात्री पाहून ठेवावे आणि दिवा वेळेवर मालवावा. आरंभाला एवढे पुरेसे आहे.