सणाची विक्री सणाआधी
(परळ येथे लघुउद्योजकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



परळ-लालबागच्या या वस्तीला सणाचा व्यापार नवा नाही. येथील मूर्तिकारांच्या कार्यशाळांकडे पाहा. गणेशचतुर्थी भाद्रपदात येते. पण मूर्तीची निवड, उंची, रंग आणि बयाणा हे सारे कित्येक आठवडे आधी ठरलेले असते. अनेक घरांचा मूर्तिकार तर पिढ्यान्‌पिढ्या एकच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कार्यशाळेत जे घडते ती विक्री नव्हे. ती दिलेल्या शब्दाची पूर्तता असते.

याउलट फराळ करणारी आपली भगिनी किंवा आकाशकंदील विकणारा तरुण वसुबारस उजाडेपर्यंत वाट पाहतो आणि शेजाऱ्याने दर दहा रुपयांनी उतरवला म्हणून आपला पंधराने उतरवतो. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलशी सवलतीच्या स्पर्धेत आपण टिकणार नाही. मोठ्या दुकानाचा तोटा वर्षभरात भरून निघतो. आपला तोटा मुलांच्या शाळेच्या शुल्कातून जातो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि माझ्या वडिलांचा पगार थांबला. त्या दिवाळीत आईने चाळीच्या खोलीत चकल्या करावयास घेतल्या. घरात पैसा नव्हता, म्हणून जो येईल त्याची मागणी तिने स्वीकारली. शेवटच्या रात्री घाई झाली, चकल्या निवण्यापूर्वीच डब्यात भरल्या गेल्या आणि वाफ धरून मऊ पडल्या. चार घरांतून तक्रार आली. आई चारही घरी स्वतः गेली, माल परत घेतला आणि भाऊबीजेनंतर नव्याने तळून दिला. त्या दिवाळीत आमच्या हाती काहीच उरले नाही. परंतु ती चार घरे पुढे आई थकेपर्यंत आमची ग्राहक राहिली. जाहिरात म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले.

याच मुंबईतील दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी ऐंशी रुपयांच्या उसनवार भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची लिज्जत. स्वस्त, हलक्या प्रतीचा पापडही करावा, असा मोह त्यांना आरंभी झाला होता. छगनबाप्पा पारेख यांच्या सल्ल्याने त्यांनी एकच उत्तम प्रत ठेवली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! हंगामाची अडचण हंगाम येण्यापूर्वी ओळखणे, हेच व्यापाराचे पहिले सूत्र होय.

मग आपण काय करावे? गतवर्षी कोणी काय नेले याची वही गणपती विसर्जनानंतर उघडावी. कार्यालयांच्या भेटींची ठरवाठरवी लवकर होते, म्हणून तेथे प्रथम जावे. परदेशी जाणाऱ्या फराळाची मागणी दसऱ्यापूर्वी घ्यावी. नवरात्रात जुन्या ग्राहकांकडे पाव किलोचा नमुना पोहोचवावा. कोजागिरीपर्यंत मागणी आणि निम्मा बयाणा घ्यावा. आता मोबाईलवरून पैसे येतात, तेव्हा संकोचाचे कारण नाही. किंमत ठरवताना तेल, डाळ, गॅस, पिशवी, पोहोचवण्याचे भाडे यांबरोबर स्वतःची मजुरीही धरावी. ती न धरता मिळालेला नफा हा नफाच नव्हे. पाकिटावर वजन, तयार केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी क्रमांक असावा.

आणि सर्वांत कठीण गोष्ट: आपल्या दोन हातांनी दिवसाला किती किलो तळले जाते याचा हिशेब करावा आणि तेवढी मागणी भरताच वही मिटावी. ‘यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी आपले नाव पहिले’ असे सांगितलेला ग्राहक रागावत नाही. मऊ चकली खाल्लेला ग्राहक मात्र पुन्हा येत नाही. दिवाळी सरल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, प्रत्येकाला एक दूरध्वनी करून फराळ कसा झाला ते विचारावे. पुढच्या दिवाळीची विक्री तेथेच सुरू होते.

‘मराठी माणसाचा माल घ्या’ असे आवाहन आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या आवाहनावर ग्राहक एकदाच येतो. दुसऱ्यांदा त्याला आणते ती आपल्या मालाची चव आणि आपला शब्द. आपली बांधिलकी ग्राहकाने आपल्याला दाखवावी अशी अपेक्षा करण्यापूर्वी ती आपण त्याला दाखवली पाहिजे. माझ्या आईने ती मऊ पडलेल्या चकल्यांचा डबा परत आणून दाखवली होती.