एक घंटी थांब, दोन घंट्या चल

(आंबवडे येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'शहरातल्या जुन्या बसगाड्या'. मी बोलणार आहे दोरीवर. बसच्या छताखालून जाते ना, घंटीची, तिच्यावर. संयोजकांनी कपाळाला हात लावलेला दिसला मला. (हशा)

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला होतं, तेव्हा ते सोडून देऊ. पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. गाड्या खासगी कंपनीच्या, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. महापालिकेनं ती ताब्यात घेतली ७ ऑगस्ट १९४७ ला. तेव्हा गाड्या २४२, मार्ग २३. पुढे ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं, पण 'बेस्ट' ती बेस्टच. पुण्यातही पीएमटीच्या आधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनीच होती. पीएमटी आली १९५० ला.

(श्रोत्यांतून : "आणि एसटी?") एसटी सरकारी, काका. १ जून १९४८, पुणे ते नगर. तिच्याबद्दल मी बोलत नाही, परत तिनंच जायचंय. (हशा)

तर दोरी. १९३७ ला मुंबईत दुमजली बस आली आणि दोरीला खरी किंमत आली. खालच्या कंडक्टरला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं. पुढे तर अशा दुमजली गाड्या निघाल्या, की ड्रायव्हरची केबिन पुढे वेगळी आणि डबा मागून ओढत आणायचा. त्या ड्रायव्हरला पॅसेंजर कळणार कसा? घंटीवरूनच. एक मारली की थांब, दोन मारल्या की चल.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मामाबरोबर दादरला दुमजलीत वर, पहिल्या बाकावर. गाडी स्टॉपवर उभी, मामा खिडकीबाहेर बघतोय. आणि दोरी डोक्यावर! बाकावर चढलो, ओढली. टिंग. काहीच झालं नाही, गाडी उभीच होती. म्हणून पुन्हा ओढली. गाडी निघाली! अहो, अख्खी दुमजली बस माझ्या हाताने निघाली! खाली एकच आरडाओरडा. एका मावशींची वांग्यांची पाटी गाडीत चढली होती, मावशी खालीच. मग एक घंटी, कचकन ब्रेक. कंडक्टर जिना चढून आला. मामानं माझा कान आधीच धरला होता. कंडक्टर म्हणाला, "कान सोडा त्याचा. पोरा, ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. दोन वाजल्या की निघतो." मग मला खाली नेऊन मावशींच्या पाया पडायला लावलं. त्यांनी एक वांगं दिलं. (हशा) नाही, खरंच दिलं. मामीनं त्याचं भरीतही केलं, एकाच वांग्याचं, आणि त्यावरून मामा-मामींचं जे... असो. चिठ्ठी आली. दहा मिनिटं. इतक्यात?

मग लंडनचं थोडक्यात. तिथल्या रूटमास्टर नावाच्या जुन्या दुमजली बस डिसेंबर २००५ मध्ये नेहमीच्या मार्गांवरून गेल्या, तरी काही गाड्या जुन्या आठवणींच्या मार्गावर पुढेही बरीच वर्षं पॅसेंजर घेऊन धावल्या. मुंबईची शेवटची डिझेल दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली. हार घातले, फोटो काढले. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, जाऊन या. पण माझं म्हणणं एवढंच, की जुनी बस जपायची तर दोरीसकट जपा आणि पोरांना ती ओढू द्या. तुमच्या आंबवड्याचा झुलता पूल झुलतो, हे फोटोत कळतं का?

(श्रोत्यांतून : "पोरं तोडतील!") तोडू द्या. दोरीच आहे, नवी बांधू! तुम्ही हसताय, पण पुण्यात मला 'पोरं तोडतील' हेच एका मोठ्या माणसानं ऐकवलंय आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. आज नाही बसणार.

तिकिटांचं राहिलंच. ही पेटी मुद्दाम आणलीय, जुना पंच आहे, टिकटिक वाजवून दाखवणार होतो. बाहेर हॉर्न वाजतोय तो भोरच्या गाडीचा ना? मग भोरहून आलेल्या पाहुण्यांनी निघावं. बाकीच्यांनी इकडे टेबलापाशी या. ढकलाढकली नको. लहान मुलं पुढे.